जुन्या लढाऊ विमानातून पाण्यात उतरायची वेळ आलीच तर

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना साठीनिमित्त लेकीनं स्पिटफायर या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानातली सफर भेट दिली आहे. लेक इंग्लंडात साउदॅम्प्टनला असते. ५ मार्च १९३६ रोजी हे विमान पहिल्यांदा उडालं ते तिथल्याच ईस्टलीच्या मैदानावरून, त्यामुळे तिकडे त्याचं कौतुक फार. मे महिन्यात काकू दोन सीटच्या स्पिटफायरमध्ये मागे बसणार, गुडवूडहून उडणार आणि दक्षिण किनाऱ्यावरून, थोडं समुद्रावरूनही फिरून येणार. परवा संध्याकाळी त्या आल्या, चहा घेतला आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षं समुद्रावर हेलिकॉप्टरनं जात होतात ना, मग मला एक सांगा. इंजिन बंद पडलं आणि खाली पाणी असलं तर मी काय करायचं? मला धड पोहतासुद्धा येत नाही."

काका शेजारीच होते. "अगं, त्या हडसन नदीवर नाही का उतरवलं अख्खं विमान! काही होत नाही."

मी नोकरीत असताना जुहूहून मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टरनं जा-ये करायचो. त्यासाठी दर चार वर्षांनी एक प्रशिक्षण सक्तीचं असायचं. पिंजऱ्यासारख्या केबिनमध्ये पट्ट्यानं बांधून बसवायचे, केबिन टाकीत बुडवून उलटी करायचे आणि आपण बाहेर यायचं. तिथं जे शिकलो त्याच्या आधारावर हे लिहितो आहे. पुण्यात घरटी एखादं मूल परदेशात असतं आणि अशा सफरी आता वाढदिवसाला, निवृत्तीला भेट म्हणून येऊ लागल्या आहेत. पहिल्यांदा बसणाऱ्या प्रत्येकानं हे वाचून जावं.

हडसनचं उदाहरण डोक्यातून काढा

१५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर एअरबस ए३२० उतरली आणि आतले सगळे १५५ जण वाचले, हे खरं. पण तिथं मोठी केबिन होती, अनेक दरवाजे होते, तराफ्यासारख्या तरंगणाऱ्या घसरगुंड्या होत्या आणि माणसांना बाहेर काढणारे कर्मचारी होते. त्याच हडसनमध्ये २७ मे २०१६ ला दुसऱ्या महायुद्धातलं पी-४७ थंडरबोल्ट पडलं. आत एकटा वैमानिक होता. विमान बुडालं आणि तो गेला. उलट १७ एप्रिल २०२१ ला फ्लोरिडात कोको बीचच्या एअर शोमध्ये त्याच काळातलं टीबीएम अॅव्हेंजर इंजिन बिघडल्यावर किनाऱ्यालगत उथळ पाण्यात उतरलं आणि त्याचा वैमानिक धडधाकट बाहेर आला. जुनी विमानं म्हणजे मरणच असं अजिबात नाही. पण मोठ्या प्रवासी विमानाचा हिशोब इथं लागू होत नाही.

पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन. विमानाच्या पोटाखाली काहीही बाहेर आलेलं असेल तर ते पाण्यात रुततं. स्पिटफायरचे रेडिएटर पंखांखाली असतात, मस्टँग या त्याच काळातल्या अमेरिकन लढाऊ विमानाचा पोटाखाली. पाण्याला टेकताच ते पाणी ओढतात आणि नाक खाली जातं. म्हणूनच स्पिटफायरच्या युद्धकाळातल्या वैमानिकांच्या सूचनापुस्तिकेत म्हटलं होतं की शक्यतो पाण्यावर उतरवू नका, पॅराशूटनं बाहेर पडा. टायगर मॉथसारख्या विमानाची चाकं आत घेता येत नाहीत, ती पाण्यात अडकली की विमान पालथं होण्याची शक्यता वाढते. ही मोडतोड वैमानिक टाळेल किंवा कमी करेल, ते त्याचं काम. तुमचं काम त्यानंतरचं. धडकेतून शाबूत राहिलेला माणूस आत अडकून बुडतो, ही या प्रकारातली खरी भीती आहे. तुम्हाला तयारी करायची आहे ती फक्त बाहेर पडण्याची.

पैसे भरण्याआधी

ब्रिटनमध्ये अशा सफरीला जाताना कागदावर सही घेतात. प्रवासी विमानाइतकी सुरक्षितता इथं नाही हे मला सांगितलं आहे आणि मान्य आहे, असा त्याचा अर्थ. तो कागद आधी मागवून घरी नीट वाचा. मग ईमेलवर विचारा: मार्ग पाण्यावरून जातो का? जात असेल तर इंजिन बंद पडल्यावर तरंगत किनारा गाठता येईल इतक्या उंचीवरून जातो का? लाइफ जॅकेट अंगात घालून बसवतात ना? ४०६ मेगाहर्ट्झचा बीकन, म्हणजे संकटात आपली जागा कळवणारं यंत्र, कोणाजवळ असतो? सरळ उत्तर मिळत नसेल तर फक्त जमिनीवरून जाणारी सफर मागा. ती मागण्यात कसलाही कमीपणा नाही. प्रवास विम्यात अशी उड्डाणं सहसा धरत नाहीत, त्यामुळे एजंटकडून लेखी घ्या.

जेवणाच्या खुर्चीवरची तालीम

लाइट गेली की आपण स्वयंपाकघरात मेणबत्ती कशी शोधतो? एक हात भिंतीवर, भिंत संपली की फ्रिज, फ्रिजनंतर ओटा, ओट्याच्या टोकाला खण. डोळ्यांचं काम नसतं, हाताला वाट पाठ असते. बुडालेल्या कॉकपिटमध्ये अगदी हेच करायचं आहे. पाण्याखाली धूसर दिसतं, बुडबुडे असतात, नाकातोंडात पाणी असतं आणि वर-खाली कळत नाही. मात्र खुर्ची, हात आणि बाहेर पडायची कड यांचं एकमेकांशी नातं विमान उलटं झालं तरी बदलत नाही. डाव्या हाताला असलेली कड डाव्या हातालाच राहते.

काकूंना मी डायनिंगच्या खुर्चीवर बसवलं. पाठीला माझी ट्रेकची सॅक, तिचा छातीवरचा बकल लावलेला. ते पॅराशूट. त्यावरून दोन ओढण्या दोन्ही खांद्यांवरून घेऊन पोटाशी सुरगाठ मारली. तो सीटचा हार्नेस. कानाला हेडफोन, त्याची वायर खुर्चीच्या दांड्याला अडकवलेली. डाव्या बाजूला टेबलाची कड, ती कॉकपिटची कड समजायची. मग सांगितलं, डोळे मिटा आणि "आता" म्हटलं की बाहेर या.

"आता" म्हणताच काकूंचे दोन्ही हात एकदम पोटाशी गेले. गाठ सुटली, त्या उठल्या, वायरनं मान मागे ओढली, आणि टेबलाची कड कुठे आहे हे त्यांना चाचपडून शोधावं लागलं.

पहिल्या प्रशिक्षणात मीही हेच केलं होतं. केबिन उलटी होत असतानाच मी पट्टा सोडला. पट्टा हाच तुम्हाला जागेवर धरून ठेवणारा एकमेव आधार असतो. तो सुटला आणि पाण्यानं मला उचलून भलतीकडे नेलं. मी जे चाचपत होतो ती खिडकी नव्हती, जमीन होती. पाणबुड्यानं कॉलर धरून बाहेर काढलं तेव्हा मी तिथंच घोटाळत होतो. छातीतली ती धडधड मी अजून विसरलेलो नाही.

म्हणून क्रम असा, आणि तो असाच.

आधी डावा हात कडेवर, घट्ट. हा हात आता बाहेर पडेपर्यंत सुटणार नाही. उजवा हात बकलवर, पण उघडायचा नाही, फक्त जागा माहीत असू द्यायची. मग हलणं थांबायची वाट बघायची आणि मनात मोजायचं: एक हजार एक, एक हजार दोन, साधारण पाच-सहापर्यंत. सगळं शांत झालं की उजव्या हातानं बकल उघडायचा, तो हात डाव्या हाताच्या पुढे कडेवर न्यायचा आणि दोन्ही हातांनी स्वतःला ओढून बाहेर काढायचं. पाय मारायचे नाहीत. आत पाय मारले की बूट पट्ट्यात अडकतो, आणि मागे कोणी असलं तर लाथ त्याला बसते.

काकूंनी त्या दिवशी अकरा वेळा केलं. सातव्या वेळेपासून डावा हात आपोआप आधी जायला लागला. रोज पाच वेळा, निघेपर्यंत, असं ठरलं आहे. तुम्हीही तेवढं करा. कड कधी डावीकडे, कधी उजवीकडे ठेवून करा, कारण खऱ्या विमानात ती कुठे सोयीची पडेल ते बसल्यावरच कळेल.

आता दोन बकलांबद्दल. अशा बऱ्याच विमानांत प्रवाशालाही पॅराशूट घालतात. त्याचा हार्नेस वेगळा, सीटचा वेगळा, आणि दोन्ही उघडायची जागा पोटाजवळच असते. हवेत उडी मारायची असेल तर सीटचाच सोडायचा असतो, चुकून पॅराशूटचा सोडला तर पुढे काही उरत नाही. पाण्यात सीटचा पट्टा हलणं थांबेपर्यंत घट्ट ठेवायचा. पॅराशूटचं कधी काय करायचं हे विमानागणिक वेगळं असतं, ते वैमानिकाकडून जमिनीवरच वदवून घ्या. दोन्ही बकलांवर बोट ठेवून, मोठ्यानं बोलून दाखवा: हा सीटचा, हा पॅराशूटचा. हातमोजे घालणार असाल तर हातमोजे घालूनच.

तलावात काय करायचं

नदीत किंवा खडकवासल्याच्या पाण्यात प्रयोग करू नका. तिथं दर वर्षी माणसं बुडतात. टिळक तलावासारख्या, जीवरक्षक असलेल्या ठिकाणी, प्रशिक्षकाला आधी कल्पना देऊन, उथळ बाजूला हे करा.

पहिली गोष्ट, नाकात पाणी जाण्याची सवय. उलटं झाल्यावर पाणी सरळ नाकातून घशात उतरतं आणि अनोळखी माणूस तिथंच बावरतो. कडेचा दांडा धरून डोकं पाण्याखाली न्या आणि नाकातून अगदी हळूहळू हवा सोडत राहा, तोंड मिटून "हूं" म्हणतो तसं. नंतर प्रशिक्षकाचा हात धरून पाण्यात एक कोलांटी मारा. दुसरी गोष्ट, कपडे आणि बूट घालून पाण्यात उतरा, ओलं कापड किती जड होतं ते अंगाला कळू दे. तिसरी, डोळे मिटून दांड्यावर हातामागून हात टाकत पाण्याखाली दोन मीटर सरका. मला टाकीत केबिन उलटल्यापासून वर येईपर्यंत पंधरा-वीस सेकंद लागायचे. तेवढा श्वास बहुतेकांना धरता येतो. घाबरलेल्या माणसाला येत नाही, म्हणून हा सराव.

पाण्याखाली जाण्याआधी भराभर मोठे श्वास मात्र घेऊ नका. त्यानं पाण्याखाली नकळत शुद्ध हरपू शकते. एक शांत श्वास पुरे.

पोहता येत नसलं तरी चालतं. लाइफ जॅकेट फुगलं की ते तुम्हाला तरंगवतं. मात्र जॅकेट घालून एकदा तरी तलावात पाठीवर तरंगून बघा, म्हणजे त्यावर विश्वास बसेल.

त्या दिवशी सकाळी

अंगाला बसणारे सुती किंवा लोकरी कपडे घाला. नायलॉन नको, आग लागली तर ते कातडीला चिकटतं. लेसचे घट्ट बूट, चपला नाहीत. ओढणी, स्कार्फ, लांब मंगळसूत्र काढून लेकीकडे द्या. चष्म्याला मागून दोरी लावा. मोबाईल लांब पट्ट्यानं गळ्यात अडकवू नका.

ब्रीफिंगमध्ये, म्हणजे उड्डाणाआधी सूचना देतात तेव्हा, लाजू नका. कॅनॉपी, म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण, स्वतः उघडून बघा, वैमानिकानं उघडून दाखवली एवढ्यावर समाधान मानू नका. हार्वर्ड या जुन्या प्रशिक्षण विमानात ती मागे सरकते, इतर विमानांत वेगळी पद्धत असते. उघडल्यावर ती अडकवायची कशी हेही विचारा. नुसती उघडी ठेवली तर धडकेच्या झटक्यानं पुढे येऊन बंद होते. मग सीटवर बसा, पट्टे आवळा, डोळे मिटा आणि खुर्चीवरची तालीम तिथं एकदा पूर्ण करा. कडेपासून बकल, बकलपासून कड. इंजिन सुरू होण्याआधीची ती दोन मिनिटं सगळ्यात मोलाची आहेत.

जॅकेट दोरी ओढून फुगणारं आहे ना, ते बघा. बोटीवर वापरतात ती काही जॅकेटं पाणी लागताच आपोआप फुगतात, ती विमानात चालत नाहीत. याचं कारण २३ नोव्हेंबर १९९६ ला दिसलं. अपहरण झालेलं इथियोपियन एअरलाइन्सचं बोइंग ७६७ इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात पडलं. १७५ पैकी १२५ जण गेले. त्यातल्या कित्येकांनी जॅकेट आतच फुगवलं होतं. पाणी भरू लागलं तसे ते छताला चिकटले आणि खाली बुडी मारून दारापर्यंत पोहोचू शकले नाहीत. जॅकेट विमानाच्या बाहेर आल्यावरच फुगवायचं. काकूंना मी हे वाक्य तीन वेळा म्हणायला लावलं.

वैमानिक सांगतो, "पाण्यावर उतरतोय"

आता बोलायचं कमी, करायचं जास्त. वैमानिक १२१.५ मेगाहर्ट्झवर मदत मागत असेल, चाकं आत ठेवत असेल, लांबलांब लोळत येणाऱ्या लाटांना समांतर दिशा धरत असेल. त्याला प्रश्न विचारू नका, तो सांगेल तेवढं करा. पट्टे आणखी आवळा, दुखेपर्यंत. हेडफोनची वायर सुटी करा. स्पिटफायरच्या त्या जुन्या पुस्तिकेतही रेडिओची वायर काढून ठेवायला सांगितलं होतं, इतकी ती नडते. सांगितलं की कॅनॉपी उघडून अडकवा. सुटी वस्तू हातात असेल तर पायाशी दाबून ठेवा. डोकं मागे टेकवायचं की पुढे झुकायचं हे ब्रीफिंगमध्ये सांगितलेलं असेल, तसं करा. एक हात कडेवर.

धक्के एकाहून जास्त बसतात. शेपटी टेकते तो पहिला, हलका. झालं वाटून पट्टा सोडू नका. खरा धक्का त्यानंतरचा असतो.

पाण्याखाली

विमान सरळ तरंगत असेल तर सोपं आहे: मोजा, बकल उघडा, कडेवरून बाहेर या. पण नाक खुपसून ते पालथं झालं असेल, तर एक गोष्ट मनात पक्की हवी. माणूस पाण्यात वर तरंगतो, आणि उलट्या विमानात "वर" म्हणजे कॉकपिटचा तळ. पट्टा सोडला की अंग तुमच्या पायांच्या जागेकडे जाऊ लागतं, बाहेर नाही. बाहेरची वाट खाली आहे. शरीर जिकडे जातं तिकडे जाऊ द्यायचं नाही. कड धरलेल्या हातानं स्वतःला खाली ओढायचं, कडेबाहेर काढायचं आणि मग वर यायचं. हात सुटलाच तर गुडघा, सीट, पुन्हा कड, अशी ओळखीची वस्तू शोधा. कशात अडकलात तर जोर लावून ओढू नका, थोडं मागे सरका आणि सोडवा, बहुतेकदा वायर किंवा पट्टा असतो.

बाहेर आल्यावर वर कुठे आहे कळत नसेल तर थोडी हवा सोडा. बुडबुडे जातात ती दिशा वरची. एक हात डोक्यावर धरून वर या, वर पंख किंवा तुटका पत्रा असू शकतो.

वर आल्यावर

आता दोरी ओढा. फुगलं नाही तर नळीतून तोंडानं फुगवा. विमानापासून आणि इंधनाच्या तवंगापासून दूर, वारा जिकडून येतो तिकडे सरका.

मे महिन्यात इंग्लिश खाडीचं पाणी ११-१२ अंश असतं. डिसेंबरच्या पहाटे गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगावर घेतल्यावर आपला श्वास अडकतो ना, त्याहून ते कितीतरी गार. थंड पाण्यासाठी एक आठवणीत ठेवायचा हिशोब सांगतात: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट श्वास ताब्यात येत नाही, धाप लागते. तेव्हा पोहायचं नाही, जॅकेटवर आडवं पडून फक्त हळू श्वास सोडत राहायचं. ते मिनिट सरतं, ही खात्री बाळगा. पुढची दहा मिनिटं बोटं कामाची असतात. शिट्टी, दिवा, बीकन, जॅकेटचे पट्टे, तराफा असेल तर त्यात चढणं, हे सगळं त्या दहा मिनिटांत उरका. त्यानंतर बोटं वळत नाहीत. शुद्ध हरपायला मात्र साधारण तास लागतो, आणि जॅकेट तोंड पाण्यावर ठेवतं.

गुडघे पोटाशी, हात छातीवर घट्ट, डोकं पाण्याबाहेर, असं गोळा होऊन राहा. वैमानिक जवळ असेल तर एकमेकांना चिकटून राहा. किनारा दिसतो म्हणून पोहत सुटू नका. पाण्यावरून तो नेहमी जवळ वाटतो, आणि शोधणाऱ्याला एकटं डोकं दिसण्यापेक्षा दोन जॅकेटं आणि विमानाचे अवशेष एकत्र दिसणं सोपं जातं. ऑक्टोबर १९४२ मध्ये पॅसिफिकमध्ये बी-१७ हे बॉम्बफेकी विमान पाण्यावर उतरवल्यावर पहिल्या महायुद्धातले अमेरिकन लढाऊ वैमानिक एडी रिकनबॅकर आणि त्यांचे सोबती तराफे एकमेकांना बांधून तग धरून राहिले. आठांपैकी सात जण २४ दिवसांनी वाचले. तुमच्यापर्यंत हेलिकॉप्टर किंवा बोट फार लवकर येईल.

बाहेर काढतील तेव्हा स्वतः उभं राहायची घाई करू नका, आडवे राहा. हातपाय चोळू देऊ नका, ओले कपडे काढून कोरडं पांघरूण घ्या. बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा आणि पाणी नाकातोंडात गेलं होतं हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढच्या दिवसभरात खोकला वाढला, धाप लागली किंवा छातीत जड वाटलं तर, रात्रीचे दोन वाजले असले तरी, लेकीला उठवा आणि पुन्हा दवाखान्यात जा.